मैदान खेळण्यासाठी राखून ठेवले आहे

बार्शीटाकळीहून ऑटोने निघाले की अर्ध्या तासात आमचे गाव येते. गावाचे नाव सांगत नाही. सांगितले तर मुख्याध्यापकांकडून खुलासा मागवला जाईल आणि खुलासा लिहिण्यात शाळेचा आठवडा जाईल. गावात पहिली ते आठवीची शाळा आहे, शाळेला मैदान आहे आणि त्या मैदानावर मुले खेळत असत. या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी असणे धोक्याचे आहे, हे आम्हाला यंदा समजले.

मी या शाळेचा निवृत्त शिक्षक. नोकरीभर पहिलीचाच वर्ग मागून घेतला. सध्या शाळा व्यवस्थापन समितीवर शिक्षणतज्ज्ञ म्हणून आहे. शिक्षणतज्ज्ञ होण्यासाठी निवृत्त असावे लागते, गावात राहावे लागते आणि दुपारच्या बैठकीत जागे राहावे लागते. पहिल्या दोन अटी मी पूर्ण करतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुख्याध्यापक देवीदास सरांनी तातडीची बैठक बोलावली. ‘सुस्थितीतील क्रीडांगण अभियान’ सुरू झाले होते. अमरावतीहून विभागाची समिती येणार, शाळाशाळांची मैदाने पाहणार आणि ज्या शाळेचे मैदान सर्वांत सुस्थितीत आढळेल, त्या शाळेला खेळाच्या साहित्याचा मोठा संच मिळणार, असे पत्र होते.

देवीदास सर मनाने फार चांगला माणूस. मुलांवर त्यांचा जीव आहे, आणि मुलांच्या वस्तूंवर तर त्याहून जास्त. शाळेला पूर्वी कोणत्या तरी योजनेत एक फुटबॉल मिळाला होता. तो मुलांनी खराब करू नये म्हणून सरांनी कपाटात ठेवला. त्याचे प्लास्टिक अजून निघालेले नाही. दर पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर ते कपाट उघडतात आणि मुले रांगेने येऊन फुटबॉल पाहून जातात.

“आपल्या पोरांना चांगलं साहित्य मिळालं पाहिजे,” ते बैठकीत म्हणाले. “त्यासाठी मैदान पहिलं आलं पाहिजे.”

“आणि साहित्य आलं तर खेळायला काढाल ना, सर?” शारीरिक शिक्षणाच्या धम्मदीप सरांनी विचारले.

“आधी येऊ तर द्या.”

धम्मदीप सर अमरावतीहून बी.पी.एड. करून आलेला तरुण शिक्षक. नोकरीत नवा असल्यामुळे आपल्या विषयाचा तास आपणच घ्यायचा असतो, असा त्याचा समज होता. त्याचे वर्गनिहाय नियोजन मी पाहिले होते आणि मला ते आवडले होते. पहिली-दुसरीला शिवाशिवी आणि लंगडी, कारण त्या वयात मूल नियमापेक्षा वेगाने पळते. तिसरी ते पाचवीला दोरीउड्या, चेंडू झेलणे, तोल सांभाळणे. सहावीपासून कबड्डी आणि खो-खो, कारण तोवर हरल्यावर रडायचे नसते हे मुलांना कळू लागते. सहा वर्षांच्या मुलाला पळायला शिकवावे लागत नाही, थांबायला शिकवावे लागते. आणि तेही सावकाश शिकवावे, नाहीतर ते कायमचे थांबते. हे मला पहिलीच्या वर्गाने शिकवले होते.

पण ते नियोजन मैदानावर करायचे होते, एवढा एक दोष त्यात होता.

गावाने मनापासून श्रमदान केले. ट्रॅक्टरने मुरूम आणला, खड्डे भरले, रोलर फिरवला, पाणी मारले. खो-खोचे जुने खांब रंगवले. शेवटी धम्मदीप सरांनी दोरी लावून फक्कीच्या पांढऱ्या रेषा अशा आखल्या की माणसे संध्याकाळी मैदान पाहायला येऊ लागली. कोणी काठावर बसून शेंगा खाई आणि टरफले खिशात घालून परत नेई. गावात टरफले खिशात घातली जाण्याचा हा पहिलाच प्रसंग.

शाळा उघडली. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत मुले मैदानावर खेळली. सुट्टी संपली तेव्हा रेषा उरल्या नव्हत्या.

देवीदास सर बराच वेळ काठावर उभे होते. मग त्यांनी आम्हा समितीच्या लोकांना बोलावून अत्यंत समजुतीने परिस्थिती मांडली. मैदान सुस्थितीत असणे ही अट आहे. मुले खेळली की मैदान सुस्थितीत राहत नाही. म्हणून समिती येऊन जाईपर्यंत, केवळ तात्पुरते, मुलांनी मैदानावर जाऊ नये. आम्ही सर्वांनी हात वर केले. मीही केला. बैठकीत सगळ्यांचे हात वर असताना एकट्याचा खाली असला तर तो झोपला आहे असे लोक समजतात.

दुसऱ्या दिवशी मैदानाभोवती दोर बांधला गेला आणि समोर पाटी लागली :

‘हे मैदान विद्यार्थ्यांना खेळण्यासाठी राखून ठेवले आहे. कृपया कोणीही आत जाऊ नये.’

या पाटीला पहिली हरकत पार्बताबाईंची. पार्बताबाई शाळेत खिचडी शिजवतात. स्वयंपाकाची खोली मैदानाच्या एका टोकाला, वर्ग दुसऱ्या टोकाला. आता खिचडीचा गंज डोक्यावर घेऊन त्यांना भिंतीकडेने पूर्ण वळसा घालावा लागे.

“काहून जी सर, पायानं मैदान झिजते काय?” त्यांनी विचारले.

“बाई, समिती येऊन राहिली ना.”

“मंग समिती काय उडत येते? थेबी पायानंच येईन.”

“त्यांचे पाय वेगळे, बाई.”

“असतीन. आमी त खिचडीवाले.” एवढे बोलून त्या भिंतीकडेने निघाल्या.

पार्बताबाईंची नात हर्षा आठवीत होती. ती शाळेच्या खो-खो संघाची कर्णधार, आणि धम्मदीप सरांच्या मते तिच्यासारखी पळणारी मुलगी त्यांनी अमरावतीतही पाहिली नव्हती. आमच्या गावातली शाळा आठवीला संपते. पुढे शिकायचे तर हर्षाला एकच रस्ता होता. अमरावतीच्या एका क्रीडा प्रबोधिनीत निवड झाली की राहणे, जेवण, शाळा सगळे तिथेच. त्यांचे निवड करणारे शिक्षक तालुक्याच्या खो-खो स्पर्धेला येत आणि खेळ पाहून मुली निवडत. हर्षाला त्या स्पर्धेत खेळायचे होते. खेळायचे तर सराव हवा होता, आणि सराव करायचा तर पाटीच्या पलीकडे जायला हवे होते.

“सर,” धम्मदीप सर मुख्याध्यापकांना म्हणाले, “स्पर्धा तोंडावर आली. पोरींनी कुठं खेळावं?”

“सध्या थिअरी करून घ्या.”

“खो-खोची थिअरी?”

“शारीरिक शिक्षण हा विषय आहे. विषय म्हटला की थिअरी असते.”

खो-खोत एकदा दिशा घेतली की मागे फिरता येत नाही. देवीदास सर जन्मात खो-खो खेळले नव्हते, पण हा नियम त्यांना उपजतच येत होता.

मग नवे वर्गनिहाय नियोजन तयार झाले. पहिली-दुसरीने बेडूकउडीचा सराव जागेवर बसून करावा. म्हणजे उडी मनात मारावी आणि तोंडाने ‘डराव’ म्हणावे. तिसरी ते पाचवीने उडीचे फायदे पाठ करावेत. सहावी ते आठवीने उडी मारणाऱ्या विद्यार्थ्याची आकृती काढून भागांना नावे द्यावीत. वर्ग जसजसा वाढेल तसतशी हालचाल कमी होत जावी, अशी या नियोजनाची शास्त्रशुद्ध चढण होती. ती पुढे तशीच चढत गेली की माणूस कार्यालयात खुर्चीवर बसण्यास योग्य होतो.

मी एकदा पाचवीच्या वर्गात गेलो होतो. एका मुलाला धावण्याचे फायदे विचारले. त्याने एका श्वासात सांगितले, “धावल्याने रक्ताभिसरण सुधारते, स्नायू बळकट होतात, मन प्रसन्न राहते.”

“शाबास. मग तू रोज धावतोस का?”

“नाई जी गुरुजी. चाचणी हाय ना.”

आठवीचा तास तर पाहण्यासारखा असे. खो-खोच्या मुली बाकांवर एकीआड एक बसत. एकीचे तोंड फळ्याकडे, दुसरीचे खिडकीकडे. खेळ संपूर्ण तोंडी.

“खो,” हर्षा म्हणे.

“मी उठली,” दीपमाला म्हणे.

“मी खिडकीपाशी पोचली,” समोरच्या संघातली मुलगी सांगे.

“तिथं मीच हाय. तू बाद.”

“तू कवा आली वं तिथं? आत्ता त फळ्यापाशी होती.”

“मी लय जोरानं पळाली.”

“मीबी लय जोरानं पळाली.”

निर्णय धम्मदीप सरांना द्यावा लागे. दोघी तितक्याच जोराने पळाल्या म्हणतात आणि दोघी जागेवर बसलेल्या आहेत, अशा सामन्यात पंचाने काय करावे, हे बी.पी.एड.ला शिकवत नाहीत. शेवटी दोन्ही संघ विजयी ठरत. मुख्याध्यापकांना ही पद्धत फार आवडली. शाळेचा निकाल असा यापूर्वी कधी लागला नव्हता.

समिती मात्र येईना. आज येणार, पुढच्या सोमवारी येणार, सण आटोपले की येणार. तेवढ्यात पावसाने जोर धरला आणि मैदानाच्या रेषा वाहू लागल्या. शाळेत ताडपत्री एकच होती. ती चौथीच्या वर्गावर होती, कारण चौथीचे छत गळते. देवीदास सरांनी रात्रभर विचार केला असावा, कारण सकाळी त्यांचे डोळे लाल होते. ताडपत्री मैदानावर आली. चौथीची मुले छत्र्या उघडून वर्गात बसू लागली. त्यातल्या एकाने मला सांगितले की गुरुजी, आमचा वर्ग आता मैदानासारखा मोकळा झाला आहे.

उघडीप पडली की वेगळी पीडा. गावातल्या ऑटोवाल्या पुंजारामच्या बकऱ्यांना पाटी वाचता येत नव्हती. म्हणून धम्मदीप सरांची नेमणूक मैदानाच्या राखणीवर झाली. शारीरिक शिक्षणाचा शिक्षक दिवसभर दोराजवळ खुर्ची टाकून, गळ्यात शिटी अडकवून बसे आणि बकरी आली की शिटी वाजवून तिला पळवे. शाळेत त्या काळात मैदानाच्या दिशेने धावण्याचा सराव फक्त बकऱ्यांचा झाला. त्या बऱ्याच चपळ झाल्या.

“सर, आमालेबी एकदा पळवा ना शिटी वाजवून,” हर्षा एकदा त्यांना म्हणाली. काही दिवसांनी माझ्या लक्षात आले की खो-खोच्या मुलींनी तक्रार करणेच सोडून दिले आहे. मुलांनी तक्रार सोडली की शिक्षकाने काळजी करावी.

गावातले देवराव बुवा वारले तेव्हा मला कारण कळले. आम्ही त्यांना घेऊन स्मशानभूमीत पोचलो, तर तिथे हर्षा, दीपमाला आणि साऱ्या जणी घामाने निथळत भिंतीला टेकून उभ्या. स्मशानभूमीला सरकारने मागे शेड बांधून दिली आहे; बाजूला सपाट जागा, भोवती भिंत. शेडचा एक खांब आणि समोरचे कडुलिंबाचे झाड, असे त्यांनी खो-खोचे खांब ठरवले होते. गावात सपाट, मोकळी आणि पाटी नसलेली जागा तेवढी एकच उरली होती. तिथे नेहमी असणाऱ्यांची कसलीही हरकत नव्हती.

मुली माना खाली घालून उभ्या राहिल्या. आम्ही सगळे थोडे अवघडलो. विधी आटोपल्यावर देवरावांचा मुलगा त्यांच्याकडे गेला.

“काहून थांबल्या?” तो म्हणाला.

“काका, आमी जातो. चुकलं आमचं.”

“कायचं चुकलं? बुढ्याले घरात लय एकटं एकटं वाटे. खेळा तुमी. पन लाकडाच्या जवळ नका जाऊ.”

ही गोष्ट देवीदास सरांना सांगावी की नाही, याचा मी विचार केला. सांगितली असती तर त्यांनी तिथेही पाटी लावली असती. सांगितली नाही.

अखेर समितीचा दिवस ठरला. तोच नेमका तालुक्याच्या स्पर्धेचा दिवस होता. स्पर्धा तालुक्याच्या दुसऱ्या टोकाच्या एका शाळेत, दुपारी.

“सर, पोरींना सकाळीच निघावं लागेल,” धम्मदीप सर म्हणाले.

“समिती होऊ द्या. खेळाडूच नसतील तर शाळेत खेळ होतो हे समितीला कसं कळणार?”

हर्षा दाराशी उभी होती. “सर, समिती गेल्यावर सोडसान ना?”

“सोडतो, बेटा. हे सगळं तुमच्यासाठीच तर चाललंय,” देवीदास सर म्हणाले, आणि मी सांगतो, ते खरेच म्हणाले.

सकाळी पुंजाराम आपला ऑटो घेऊन फाटकाशी येऊन थांबला. बकऱ्यांच्या उपद्रवाची भरपाई म्हणून त्याने पोरींना फुकट नेण्याचे कबूल केले होते. ताडपत्री निघाली, रेषा पुन्हा आखल्या गेल्या, मैदान झळकू लागले. समितीची गाडी बरीच उशिरा आली. मोठे साहेब उतरले, पाटीसमोर आले आणि क्षणभर थांबून त्यांनी बूट काढले.

“अमरावतीत अशी मैदानं राहिली नाहीत हो,” ते म्हणाले. “एक खूणसुद्धा नाही. कसं ठेवलंत?”

“मुलांच्या सहकार्यानं, साहेब.”

“छान. आता मुलं मैदानावर खेळताहेत असा एक फोटो. सर्व वर्गांचा. त्याशिवाय प्रस्ताव पुढे जात नाही.”

देवीदास सरांचा चेहरा पडला. पण ते अनुभवी. त्यांनी मुलांना सूचना दिल्या : सर्वांनी अनवाणी, पंजांवर चालत, आपापल्या जागी जायचे. खेळल्यासारखे उभे राहायचे. धावणाऱ्याने एक पाय उचलून ठेवायचा आणि फोटो होईपर्यंत खाली टेकवायचा नाही.

दोर सुटला. आधी पहिलीची मुले. ती काठाशी आली आणि थांबली. ती यंदाच शाळेत आली होती, तीही दोर बांधून झाल्यावर. मैदान त्यांनी जेव्हा पाहिले तेव्हा दोराच्या आतच पाहिले. त्यांनी गुपचूप चपला काढल्या, त्या ओळीने लावल्या, मैदानाला हात जोडले आणि कडेकडेने एक फेरी मारून परत आपल्या वर्गाकडे निघाली. एका मुलीने वेणीतले फूल काढून पाटीखाली ठेवले.

मी चाळीस-चाळीस पोरांच्या कैक वर्गांना शिस्त लावली असेल, पण एवढी शिस्त पाहून मला बसावेसे वाटले.

“मोठ्या मुली घ्या,” देवीदास सर घाईने म्हणाले.

खो-खोच्या मुली आपापल्या चौकोनात बसल्या. दीपमाला हर्षाच्या मागे उभी राहिली. साहेबांच्या सहायकाने मोबाइल रोखला.

“हं. आता ती मागची मुलगी खो देते आहे असं वाटलं पाहिजे. तोंड उघड, बेटा.”

दीपमालाने तोंड उघडले. उघडलेल्या तोंडातून काय निघणार?

“खो.”

आणि हर्षा उठली. तिने ठरवून केले असे कोणी म्हणेल तर मी साक्ष द्यायला तयार आहे, तसे नाही. खो मिळाल्यावर बसून राहता येणे, हे थिअरीचे काम आहे; पायांनी थिअरी वाचलेली नव्हती. हर्षा सुटली, समोरच्या संघातल्या सुटल्या, कोणी खांबाला वळसा घातला, कोणी झेप घेतली, फक्कीच्या रेषा धुरासारख्या उडाल्या. वर्गाकडे निघालेली पहिलीची मुले वळून पाहू लागली. मैदानाचा असाही काही उपयोग असतो, हे त्यांना प्रथमच समजत होते. त्यातला एक जण तोंडाने ‘डराव’ म्हणाला आणि उडी मारली.

हर्षाने शेवटची मुलगी बाद केली तेव्हा मैदानावर मैदान उरले नव्हते. सहायकाने मोबाइल साहेबांना दाखवला. साहेबांनी चष्मा वर करून पाहिले.

“फोटो हलला आहे. मुलं ओळखू येत नाहीत.”

“साहेब, खेळताना पोरं हलतात,” धम्मदीप सर म्हणाले.

“ते मान्य आहे. पण फोटोत हलून चालत नाही. पुन्हा घ्या. रेषा आखा आणि या वेळी कुणी हलू नका.”

रेषा आखायला दुपार झाली असती. हर्षा धम्मदीप सरांकडे पाहत होती. धम्मदीप सर देवीदास सरांकडे पाहत होते. देवीदास सर जमिनीकडे पाहत होते. मग धम्मदीप सरांनी शिटी तोंडाला लावली आणि वाजवली. एवढे दिवस ती बकऱ्यांसाठी वाजत होती. मुली मैदानाच्या मधोमध धावत सुटल्या आणि फाटकातून थेट ऑटोत.

“कडेनं जा गं, कडेनं,” देवीदास सर मागून म्हणाले. पण ते फार मोठ्याने म्हणाले नाहीत.

संघासोबत ज्येष्ठ व्यक्ती हवी म्हणून मी ऑटोत पुढे पुंजारामजवळ बसलो. धम्मदीप सर मोटरसायकलवर मागे. आम्ही ऐन वेळेला स्पर्धेच्या शाळेत पोचलो आणि फाटकाशीच थांबलो. समोर मुरमाचे देखणे मैदान होते. पांढऱ्या रेषा होत्या. भोवती दोर होता. पाटीवर काय लिहिले होते ते मी वाचले नाही. मला पाठ होते.

“आमच्याकडे समिती उद्या येऊन राहिली,” तिथले शिक्षक म्हणाले. “म्हणून स्पर्धा वर्गात आहे. लेखी. खो-खोच्या नियमांवर प्रश्न, ज्या संघाला जास्त गुण तो विजेता. पेन आणलेत ना?”

प्रबोधिनीतून आलेले शेखर सर एका बाकावर बसून होते. खेळाडू निवडायला आलेल्या माणसाला उत्तरपत्रिका तपासण्याचे काम दिले गेले होते, आणि तो लाल पेन टोपण न उघडता हातात फिरवत होता.

मुलींना प्रश्नपत्रिका वाटल्या गेल्या. हर्षाने पेन खाली ठेवले. तिचे लक्ष शेजारच्या बाकावर बसलेल्या, त्या शाळेच्या कर्णधाराकडे होते. प्रियदर्शनी तिचे नाव.

“तुमी कुठं खेळता वं?” हर्षाने हळूच विचारले.

“कुठं नाई. मैदान बंद हाय.”

“मंग तुह्या गुडघ्याले खरचटलं कायनं? प्रश्नपत्रिकेनं?”

प्रियदर्शनीने फ्रॉक खाली ओढला आणि ती हसली. “गावाच्या बाहेर जागा हाय. पन तुमी भेसान.”

“शेड हाय काय तिथं?”

“हो.”

“आमाले शेडीची सवय हाय.”

पुढच्या बाकावरची तिसऱ्याच गावची मुलगी मागे वळली. “आमच्या गावाले तं शेडबी नाई,” ती म्हणाली. “आमी ओट्यावर खेळतो.”

तालुक्याची खो-खो स्पर्धा त्या दुपारी जिथे झाली, तिथे एरवी माणसे खांद्यावरून येतात. या खेपेला सगळी धावत आली. शेखर सर लाल पेन खिशात घालून मागून आले आणि भिंतीवर चढून बसले. भिंतीला लागून शेळ्या चारणारे, कापसाच्या पऱ्हाटीतून घरी चाललेले लोक थांबले. हर्षा असा वळसा घेई की खांबाला वाटावे आपणच फिरलो. अंतिम सामन्यात प्रियदर्शनीने तिला शेवटपर्यंत दमवले, आणि आम्ही हरलो. हरल्यावर हर्षा रडली नाही. बसून धापा टाकत हसत राहिली.

शेखर सर भिंतीवरून उतरले. त्यांनी दोघींची नावे लिहून घेतली, हर्षाची आधी. निवडीच्या अर्जात ‘सामन्याचे स्थळ’ असा रकाना होता. त्यांनी थोडा विचार केला आणि लिहिले : ‘मोकळी जागा’.

अभियानाचा निकाल बऱ्याच दिवसांनी लागला. आमच्या शाळेबद्दल शेरा होता, ‘मैदान उत्तम, तथापि त्यावर मुलांच्या वावराच्या खुणा आढळल्या.’ पहिले बक्षीस जिल्ह्यातल्या एका अशा शाळेला मिळाले, जिचे मैदान निर्दोष होते. पटसंख्येअभावी ती शाळा दोन वर्षांपूर्वी बंद झाली होती. साहित्याचा संच तिथल्या कुलूपबंद वर्गात सुखरूप आहे. देवीदास सरांनी ही बातमी ऐकली आणि कपाट उघडून फुटबॉलचे प्लास्टिक फाडले. पण त्यात हवा नव्हती, आणि पंप त्या संचात होता.

पण ते पुढचे. त्या संध्याकाळी ऑटो गावात शिरला, तेव्हा हर्षाला आजीला सांगायची एवढी घाई होती की पुंजारामने ऑटो थांबवण्याआधीच तिने उडी टाकली आणि ती वेशीपासून घराकडे धावत सुटली. खो-खोत पळते त्याहून जोरात.

पिठाच्या गिरणीसमोर उभे असलेले गृहस्थ म्हणाले, “ए पोरी, हळू चाल.” पानठेल्यावरचे म्हणाले, “काहून पळून राहिली एवढी?” सरपंच मोटरसायकलवरून म्हणाले, “मोठी झाली ना आता.” आणि अंगणात तांदूळ निवडत बसलेल्या पार्बताबाई, पायाने मैदान झिजते काय असे विचारणाऱ्या पार्बताबाई, सुपातून मान वर काढून म्हणाल्या, “हळू ये वं माय, पडशीन.”

ऑटोत बसल्या बसल्या माझ्याही तोंडून तेच निघाले होते.

तुम्ही ही गोष्ट वाचता वाचता दोन-चार ठिकाणी देवीदास सरांना हसला असाल. मध्येच कधी तरी घरातून लहान पावलांचा धडधड आवाज आला असेल. तेव्हा नजर पानावरून न काढता तुम्ही काय म्हणालात, तेवढे आठवून पाहा. ती पाटी तुमच्या घरात कोणत्या दारावर आहे, ते तुमचे तुम्हाला सापडेल.